पाण्यातलं देऊळ आणि हातात वाळणारा रंग: ॲक्रिलिकच्या तीन साधनांची पारख

नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाचं गोदावरीत पडलेलं प्रतिबिंब ॲक्रिलिकमध्ये करायला घेतलं, की रंगसंगतीच्या आधी वेळ आडवा येतो. काळा दगड पाण्यात उतरताना त्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायला हव्यात. म्हणजे आकाशाचा रंग आणि दगडाचा रंग, दोन्ही ओले असतानाच एकमेकांत शिरायला हवेत. तैलरंगात त्यासाठी अख्खी दुपार हाताशी असते, जलरंगात कागद ओला ठेवता येतो. ॲक्रिलिकचं तसं नाही. एप्रिलच्या दुपारी पंखा चालू असलेल्या खोलीत पातळ थराची कड तीन-चार मिनिटांत धरते आणि मग ब्रश फिरवला की रंग मिसळण्याऐवजी सालपटासारखा निघतो. पावसाळा सोडला तर नाशिकची हवा कोरडी, त्यामुळे इथे पाणी रंगवणाऱ्याला रंगाच्या बरोबरीनं वेळही विकत घ्यावा लागतो. तो बाजारात तीन रूपांत मिळतो: रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारा द्रव), ग्लेझिंग मीडियम (रंगात मिसळून त्याला पारदर्शक करणारा द्रव) आणि मुळातच सावकाश वाळणारे रंग. ही पारख या तिन्हींची, आणि ती एकाच चित्रावर केली आहे: १२ x १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड, वरच्या भागात देऊळ आणि घाटाच्या पायऱ्या, खालच्या भागात हिवाळ्यातलं संथ पाणी.

एकच बाटली घेण्याइतके पैसे असतील तर ग्लेझिंग मीडियम घ्यावं. रिटार्डर स्वस्त पडतो, थोडा थोडा लागतो, बाटली वर्षभर पुरते, म्हणून बहुतेक जण आधी तोच उचलतात. पण चुका त्यातच जास्त होतात.

ॲक्रिलिकचं वाळणं म्हणजे काय ते आधी पाहू. रंगाच्या ट्यूबमध्ये पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. रिटार्डर हा ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच्या जातीचा द्रव. तो पाण्याचं उडणं लांबवतो, पण त्याच्यात स्वतःची राळ नसते. त्यामुळे रंगात तो जितका जास्त, तितका पापुद्रा कच्चा. ६ भाग रंगाला १ भाग रिटार्डर, म्हणजे जेमतेम १५ टक्के, हे सुरक्षित प्रमाण. कंपनीप्रमाणे मर्यादा थोडी बदलते, ती लेबलवर छापलेली असते आणि ती पाळावी. प्रमाण वाढलं की चित्र दोन-दोन दिवस चिकट राहतं, बोटाचा ठसा उमटतो, आणि वरचा थर द्यायला गेलं की खालचा ब्रशबरोबर उठून येतो. नेमकं हेच पाण्याच्या भागात घडतं, कारण सगळ्यात जास्त रिटार्डर तिथेच ओतला जातो.

अंदाजानं ओतू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्यावी. पॅलेटवर ६ मिली रंग असेल तर १ मिली रिटार्डर, आणि पॅलेट नाइफनं पुरतं कालवून घ्यावं. ब्रश थेट रिटार्डरमध्ये बुडवून कॅनव्हासवर फिरवण्याची सवय असेल तर ती मोडावी. त्यानं एका जागी १० टक्के आणि दुसऱ्या जागी ४० टक्के जातो, आणि वाळल्यावर चित्रावर डागाडागांची चकाकी दिसते. रिटार्डरऐवजी औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन वापरण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो घेऊ नये. ग्लिसरीन उडून जात नाही, हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुलैमध्ये भिंतीवरचं चित्र पुन्हा चिकट होतं.

प्रमाणात वापरला तर रिटार्डर खरोखर कामाचा आहे. एप्रिलच्या दुपारी तीन-चार मिनिटांची मुदत साधारण दुप्पट होते. १२ x १६ इंचाच्या बोर्डाचा खालचा अर्धा भाग एका दमात करायला तेवढी बेताची पुरते. यापेक्षा मोठ्या कॅनव्हासला पुरत नाही, आणि पुरवण्यासाठी प्रमाण वाढवणं हा इलाज नव्हे. पाणी दोन पट्ट्यांत विभागून रंगवावं आणि जोड एखाद्या आडव्या तरंगाखाली लपवावा.

ग्लेझिंग मीडियमची गोष्ट वेगळी. त्यात राळ असते आणि बऱ्याच कंपन्यांच्या मीडियममध्ये वाळणं लांबवणारा घटकही आधीच मिसळलेला असतो, म्हणून ते रंगात कितीही घातलं तरी पापुद्रा पक्का राहतो. १ भाग रंग आणि १ भाग मीडियम घेतलं तर ओल्यात ओलं काम करता येतं. १ भाग रंग आणि ८ ते १० भाग मीडियम घेतलं तर रंगीत काचेसारखा पारदर्शक थर, म्हणजेच ग्लेझ, मिळतो. प्रतिबिंबाला हे दोन्ही लागतं. पहिल्या टप्प्यात कडा विरघळवायच्या असतात, शेवटच्या टप्प्यात अख्ख्या प्रतिबिंबावर पाण्याचा एकच पातळ रंग चढवून ते वरच्या देवळापासून वेगळं करायचं असतं. एक बाटली दोन्ही कामं करते. नुसतं पाणी घालून रंग पातळ केला तर हे साधत नाही. राळ विरळ होते, रंगकण गुळगुळीत थरावर पकड धरत नाहीत आणि वाळल्यावर खडूसारखे डाग उरतात.

दुकानात मागताना नाव नीट सांगावं. ग्लॉस मीडियम, ग्लेझिंग मीडियम आणि वार्निश यांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि तिन्हींतला द्रव दुधासारखा दिसतो. ग्लॉस मीडियम रंग पारदर्शक करतं पण वाळण्याला वेळ देत नाही. वार्निश तर रंगात मिसळायचंच नसतं. ग्लेझिंगची बाटली जोरात हलवू नये, बुडबुडे होतात आणि वाळल्यावर त्यांचे बारीक खळगे राहतात. काडीनं हळू ढवळावी आणि दहा मिनिटं तशीच ठेवावी.

तिसरी वस्तू म्हणजे सावकाश वाळणारे ॲक्रिलिक. गोल्डन कंपनीची ‘ओपन’ ही मालिका २००८ पासून आहे आणि या जातीत तिचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं. हे रंग पॅलेटवर तासन् तास ओले राहतात. घाटावर बसून समोर पाहून रंगवणाऱ्याला हे वरदान वाटेल, आणि कडांच्या मऊपणात बाकीच्या दोघांना ते मागे टाकतात यात शंका नाही. पण किंमत बरीच आहे, थर पातळच द्यावा लागतो, आणि खालचा थर पुरता वाळल्याशिवाय वर काही चढवता येत नाही. देवळाच्या चित्रात दगडाचे चार-पाच थर लागतात, तिथे हा वेळ नकोसा होतो. बाहेर रंगवताना धूळ आणि चिलटंही ओल्या रंगावर बसतात. वार्निश द्यायला महिनाभर थांबावं लागतं. फक्त पाण्यासाठी दोन ट्यूब, अल्ट्रामरीन आणि पांढरा, या मालिकेतल्या आणि बाकी रंग नेहमीचे, अशी विभागणी व्यवहाराला धरून आहे.

साधन कोणतंही घेतलं तरी प्रतिबिंब चुकतं ते बहुतेक वेळा वाळण्याच्या आधीच, मांडणीत. देऊळ उलटं करून खाली उतरवलं की झालं, असा समज असतो. वस्तू पाण्याच्या काठाला अगदी लागून उभी असेल तरच तो खरा. नारोशंकराचं देऊळ पायऱ्यांच्या मागे, उंचावर, तटाच्या आत आहे. १७४७ साली बांधलेल्या या देवळाची प्रसिद्ध घंटाही त्या तटावरच टांगलेली. प्रत्येक बिंदूचं प्रतिबिंब पाण्याच्या पातळीपासून तितकंच खाली पडतं, पण मधल्या पायऱ्या आणि तट त्याचा खालचा भाग झाकतात. किती झाकला जाईल ते पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरतं. पाण्याजवळच्या पायरीवर बसून पाहिलं तर पाण्यात देवळाचा बराच भाग दिसतो. अहिल्यादेवी होळकर पुलावरून पाहिलं तर वर अख्खं देऊळ दिसतं आणि पाण्यात मुख्यतः पायऱ्या, तट आणि शिखराचा थोडा भाग. कारण प्रतिबिंब म्हणजे आपल्याच डोळ्याइतक्या खोलीवरून, पाण्याखालून वर पाहिल्यासारखं दृश्य. जितकं खालून पाहू तितकं पुढचं बांधकाम मागच्याला झाकणार. पुलावरून काढलेला फोटो समोर ठेवून घाटावर बसल्यासारखं पूर्ण प्रतिबिंब काढलं तर चित्र पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. पुलाच्या कमानीचंही तसंच: वर कमानीचा पोटाकडचा भाग थोडासाच दिसतो, पाण्यात तो जास्त दिसतो.

पाण्याची रेषा पट्टीनं आखावी. दूरचा काठ दोन मिलिमीटर कलला तरी पाणी ओतून जातंय असं वाटतं.

मग छटा. प्रतिबिंबात उजळ भाग थोडे गडद होतात आणि गडद भाग थोडे उजळ. पाण्यावर पडलेला सगळा उजेड परत येत नाही. सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के परततो, नजर उभ्या रेषेपासून ६० अंश कलली तर ६ टक्के, ८० अंशांवर ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून दूरच्या काठाजवळ पाणी आरशासारखं, आणि पायाशी त्याचा स्वतःचा मातकट हिरवा रंग दिसू लागतो. गडद भागात त्याच गढूळपणातून विखुरलेला उजेड मिसळतो आणि काळा दगड पाण्यात राखाडी हिरवट होतो. चित्रात हे असं उतरतं: देवळासाठी अल्ट्रामरीन २ भाग, बर्न्ट अंबर २ भाग, किंचित पांढरा. प्रतिबिंबासाठी त्याच मिश्रणातला अर्धा भाग बाजूला काढून त्यात यलो ऑकर आणि पांढऱ्याचा वाटाण्याएवढा थेंब. रंग वेगळा कालवायला बसू नये. एकाच मिश्रणाची दोन भावंडं असली की वर-खाली नातं टिकतं.

ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, कारण ओली राळ दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते. प्रतिबिंबात सगळा खेळ अर्ध्या छटेचा असल्यामुळे हा फरक महागात पडतो. जाड कागदाच्या पट्टीवर प्रत्येक जोडी, म्हणजे वरचा रंग आणि त्याचा पाण्यातला रंग, लावून हेअर ड्रायरनं वाळवावी आणि मगच बोर्डाला हात लावावा. पाच जोड्यांना दहा मिनिटं लागतात. हे काम टाळणाऱ्याचं पाणी हमखास काळवंडतं.

प्रत्यक्ष रंगवताना आधी देऊळ आणि आकाश पूर्ण करून वाळू द्यावं. मग पाण्याच्या भागावर मीडियम मिसळलेला आकाशाचा रंग, उलटा चढवून: दूरच्या काठाशी क्षितिजाजवळचा फिका, चित्राच्या तळाशी माथ्यावरच्या आकाशाचा गडद निळा आणि त्यात पाण्याचा हिरवटपणा. तो ओला असतानाच १ इंची मऊ सिंथेटिक फ्लॅट ब्रशनं दगडाचा रंग काठापासून सरळ खाली ओढावा. दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश फडक्याला पुसावा, नाहीतर आकाश आणि दगड मिळून चिखल होतो. सगळं खाली ओढून झालं की कोरडा, रुंद, मऊ ब्रश आडवा, अगदी वजन न टाकता, एकदा फिरवावा. एकदाच. उभ्या ओढीनं खोली येते आणि या एका आडव्या हातानं पाण्याचा पृष्ठभाग तयार होतो. दुसऱ्यांदा फिरवावंसं वाटतं तेव्हा रंग धरायला लागलेला असतो, आणि तिथेच सालपटं निघतात. निघालीच तर दुरुस्ती करत बसू नये. पूर्ण वाळू द्यावं, उंचवटे बारीक सँडपेपरनं हलके घासावेत आणि वरून ग्लेझ द्यावं.

ग्लेझसाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि थालो हिरव्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश, त्यात दहापट मीडियम. थालो रंग फार जोरकस असतात, ब्रशवर उचलू नयेत, नाइफच्या टोकानं घ्यावेत. हा थर लावताना दुधाळ दिसतो आणि घाबरून लोक पुसून टाकतात. पुसू नये, वाळताना तो स्वच्छ होतो. एक गडद थर देण्यापेक्षा दोन फिके थर जास्त चांगले दिसतात, मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. खालच्या थरात रिटार्डर असेल तर रात्रभर.

शेवटी प्रतिबिंबाला छेद देणाऱ्या आकाशाच्या आडव्या रेघा. काठाजवळ बारीक आणि जवळजवळ, खाली येताना लांब आणि विरळ. पाच ते सात पुरे होतात. त्यांना ट्यूबमधला पांढरा लावू नये, कारण पाण्यात दिसणारं आकाश वरच्या आकाशापेक्षा उजळ असू शकत नाही. फक्त सूर्याची थेट तिरीप याला अपवाद. पंख्याच्या आकाराच्या ब्रशनं एकसारखे तरंग छापण्याची पद्धत फार पसरली आहे. तिच्यानं पाणी पत्र्यासारखं दिसतं, ती सोडावी.

हे सगळं हिवाळ्यातल्या संथ पाण्याचं झालं. पावसाळ्यात, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी चढतं तेव्हा, गोदावरी तांबूस गढूळ असते आणि प्रतिबिंब जवळजवळ नसतंच. अशा पाण्यावर मात्र सावल्या स्पष्ट पडतात, ज्या स्वच्छ पाण्यावर नीट दिसत नाहीत. ते चित्र करायला यातलं कोणतंच मीडियम फारसं लागत नाही, नेहमीचा रंग आणि थोडा दाट हात पुरतो. जुलैच्या दमट हवेत रंग तसाही सावकाश वाळतो, तेव्हा रिटार्डर पूर्ण बंद ठेवावा.

थंडीची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. राळेचे कण चिकटून सलग पापुद्रा व्हायला साधारण ९-१० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. नाशिकला जानेवारीत पहाटेचा पारा त्याच्या खाली जातो. गंगापूर धरणावर धुकं आणि आरशासारखं पाणी पाहायला पहाटेच जावं, स्केच आणि फोटो घ्यावेत, पण ॲक्रिलिक उघडू नये. गार हवेत लागलेला थर वरून वाळल्यासारखा दिसतो आणि नंतर बारीक भेगा देतो.

रंगांच्या दर्जाबद्दल. विद्यार्थी दर्जाच्या रंगांत भरणी जास्त असते, त्यामुळे ग्लेझ धुरकट होतं. देऊळ, पायऱ्या, झाडं यांना ते पुरेसे आहेत. ज्या दोन रंगांचं ग्लेझ करायचं ते मात्र कलाकार दर्जाचे घ्यावेत आणि ट्यूबवर एकाच रंगद्रव्याचा संकेतांक आहे का ते पाहावं: अल्ट्रामरीनवर पीबी २९, बर्न्ट अंबरवर पीबीआर ७. पांढरे दोन ठेवावेत, झाकणारा टायटॅनियम आणि पारदर्शक झिंक. दूरच्या पाण्यावरचा धूसरपणा झिंकच्या ग्लेझनं फार सुंदर येतो, टायटॅनियमनं तो चुन्याचा हात दिल्यासारखा होतो.

बाजारातल्या तयार कॅनव्हास बोर्डांचा पोत बहुधा जाडाभरडा असतो. संथ पाण्याच्या आडव्या हाताखाली ते दाणे उठून दिसतात. जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन जास्तीचे हात देऊन, प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरच्या सँडपेपरनं घासला, की फरक लगेच कळतो. डुकराच्या केसांचा राठ ब्रश या भागात वापरू नये, त्याच्या चऱ्या पाण्यात राहतात. पाण्याचा फवारा मारायचा तर अगदी बारीक धुकं सोडणारा घ्यावा आणि दीड फुटावरून मारावा. सलूनमधल्या साध्या बाटलीचे थेंब मोठे, ते रंगात खड्डे पाडतात.

ओला पॅलेट विकत घेण्याची गरज नाही. पसरट, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओट्यावर वापरतात तसं स्पंजचं फडकं भिजवून आणि वर बटर पेपर. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. रंग दोन-तीन दिवस सहज टिकतो. पावसाळ्यात फडकं रोज धुवावं, बुरशी धरते.

वार्निश पाण्याच्या चित्राला चकचकीतच शोभतं. मॅट वार्निशनं गडद भाग राखाडी होतात आणि ग्लेझनं मिळवलेली खोली निघून जाते. शिवाय रिटार्डर आणि ग्लेझ लागलेल्या जागांची चकाकी वेगवेगळी असते, ती चकचकीत वार्निशखाली एकसारखी होते. नेहमीच्या रंगांच्या पातळ थरांच्या चित्राला किमान तीन दिवस थांबावं, दमट दिवशी वार्निश लावू नये, धुरकट होतं. आणि मे महिन्यात चित्रं एकावर एक रचून ठेवू नयेत. वाळलेलं ॲक्रिलिकही उष्णतेनं मऊ पडतं आणि दोन चित्रांचे चेहरे चिकटतात. जागाच नसेल तर मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालावा. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई पाण्यावर उतरते.